जजसाहेबांचा शेवटचा चहा

१. उघडी खुर्ची

निवृत्त न्यायमूर्ती दामोदर वेखंडे त्या रविवारी सकाळी स्वतःच्या अंगणात, निळ्या कापडाच्या घडीच्या खुर्चीत बसलेले सापडले. अंगावरच्या स्वेटरवर दव पडलं होतं. आदिवासी वाडीवरचा धाऊ नेहमीप्रमाणे त्यांच्या परसातल्या वालाला पाणी घालायला आला होता. त्याला वाटलं, साहेब कोवळ्या उन्हात डुलकी घेतायत. त्यानं पाणी घालून घेतलं, परत आला, दोनदा खोकला आणि मग मला फोन केला.

मी दर्शना विशे, गावची पोलीस पाटील. गावात कुणी मेलं, कुणी पळालं, कुणी कुणाचं डोकं फोडलं, की पोलिसांना पहिला फोन मी करायचा. हे काम मी चांगलं करते. मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. किन्हवलीला एसटीतून उतरायचं आणि मुरबाडच्या बाजूला थोडं चालायचं, एवढं पुरे.

साहेब मुंबईच्या हायकोर्टात ज्येष्ठ न्यायमूर्ती होते. मोठमोठे वकील त्यांच्यापुढे घसा साफ करून बोलायचे म्हणे. निवृत्त झाले, बायको गेली, आणि ते उरलेलं आयुष्य काढायला गावी आले. पण आमच्या तालुक्यात माणूस स्वस्थ बसला तर लोकांना करमत नाही. बांधाचं, वाटेचं, विहिरीचं भांडण घेऊन सगळे त्यांच्या दारात. त्यांनी एकच अट घातली. दोघांनीही आधी चारचौघांत कबूल करायचं, की साहेब सांगतील ते ऐकू. मग ती निळी खुर्ची गाडीत टाकून ते जागेवर जायचे. कुणा एकाच्या खुर्चीवर बसायचं नाही, कुणा एकाचं पाणी प्यायचं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा घरून न्यायची. दोघांचं ऐकायचं, खुर्ची मिटायची आणि निघायचं. निकाल एक-दोन दिवसांनी समाजमंदिरात, उभं राहून, सगळ्यांसमोर. किन्हवलीपासून वैशाखऱ्यापर्यंत लोक त्यांच्या शब्दाला सातबाऱ्यापेक्षा जास्त मानायचे.

मी पोचले तेव्हा धाऊ पायरीवर बसून होता.

"पाटीलबाय, सायेब गेला," तो म्हणाला. "मी हात नाय लावला."

मी साहेबांकडे बघत उभी राहिले. त्यांचा मला खरंच लळा होता आणि रडू आवरणं जड जात होतं. पण मी रडत असले तरी माझे डोळे कामावर असतात. खुर्ची उघडी होती, ते मला आधी खटकलं. घरी साहेब ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायचे. निळी खुर्ची पडवीत खिळ्याला टांगलेली असायची, आणि फक्त न्यायाच्या कामाला खाली उतरायची.

मग मी आजूबाजूला बघितलं. खुर्चीजवळ, ओटीवर, दाराआड, सगळीकडे.

"धाऊदादा, साहेबांची काठी कुठंय?"

धाऊनं इकडं-तिकडं बघितलं आणि मान हलवली. साहेबांचा उजवा गुडघा गेलेला होता. वेताच्या काठीशिवाय ते झोपाळ्यावरून नळापर्यंतसुद्धा जात नव्हते. आणि आता ते अंगणाच्या मधोमध बसले होते, काठीशिवाय.

२. सुयोगला मिळालेला मान

साहेबांची मुलगी कुणाली दुपारपर्यंत मुंबईहून आली. तीही वकील. डोळे सुजलेले, पण बोलणं वडिलांसारखंच मोजकं. शवविच्छेदन करावं लागेल हे मी तिला घाबरत सांगितलं, तर म्हणाली, "करा. बाबांनीही हेच सांगितलं असतं." डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा मोठा झटका, आदल्या संध्याकाळी. विष नाही, जखम नाही.

म्हणजे खून नाही. लोकांचा जीव भांड्यात पडला आणि काही जणांचा थोडा हिरमोडही झाला. माझं मन मात्र त्या खुर्चीपाशीच अडकलं होतं.

अग्नी दिल्यावर लोक पाय धुऊन निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात सुयोग पुढं आला. त्याचं घर गावच्या टोकाला, नवीन, टाइल्सचं, दारात चारचाकी. रोज मोटरसायकलनं आसनगाव स्टेशन गाठून कल्याणला नोकरीला जाणारा मुलगा. बोलण्यात चटपटीत, कपडे इस्त्रीचे.

"ही वेळ नाही, मला समजतं," तो म्हणाला. "पण साहेबांचा शेवटचा शब्द माझ्याजवळ राहिलाय. तो सांगितला नाही तर पाप लागेल. वैशाखऱ्याच्या जमिनीचा निकाल साहेबांनी दिलाय. शनिवारी संध्याकाळी स्वतः माझ्या घरी येऊन सांगून गेले. जमीन माझी."

कमळकाकी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं नुसतं वर बघितलं.

हे भांडण सगळ्यांना पाठ होतं. काकीचा नवरा रामू आणि सुयोगचा बाप, सख्खे भाऊ. त्यांनी आपसांत तोंडी वाटणी केली: इथलं घर-शेत थोरल्याला, वैशाखऱ्याचं माळरान धाकट्या रामूला. रामूनं आणि काकीनं दगड वेचून त्या माळाचं भातशेत केलं. कागदावर मात्र थोरल्याचंच नाव राहिलं. दोघे भाऊ गेले, माळशेजच्या रस्त्याला रिसॉर्ट उगवायला लागले, आणि सुयोगला अचानक कागद वाचता येऊ लागला. शेवटी दोघांनी समाजमंदिरात कबूल केलं, साहेब सांगतील ते मान्य.

"साहेबांनी निकाल दिला याला कोण साक्षी?" मी विचारलं.

"रेश्मा होती ना. तिच्याच हातचा चहा घेतला साहेबांनी, आमच्या ओटीवर, पाटावर बसून. विचारा शेजारच्या सकुबाईला, तिनं बघितलंय."

सकुबाईनं मान डोलावली. "बघितला मी. कप हातात होता सायेबांच्या. मंग मी घरात गेले."

घोळक्यात एक हुंकार उमटला. कारण साहेब उगाच कुणाच्या घरी चहा घेत नाहीत, हे सगळा मुलूख जाणत होता. ज्याच्या घरी साहेब चहा प्याले, तो माणूस वर्षभर ते सांगत फिरायचा. माझ्याही घरी एकदा प्याले होते, दिराशी माझं वाटेवरून भांडण चालू होतं तेव्हा. मी साखर कमी टाकली होती. मुद्दाम टाकली होती, पण ते असो. साहेबांनी कप संपवला आणि चहा छान झालाय म्हणाले.

"सायेबांनी चहा घेतला, मंजी झालं," कुणीतरी म्हणालं.

सगळे काकीकडे बघायला लागले. तिनं पदर नीट केला.

"मी शब्द दिला व्हता," ती म्हणाली. "सायेब बोलले असतील त मी निघन. त्यांच्या दिवसकार्यापत्तर राहू दे, मग निघन."

कुणी विरोध केला नाही. ती माउली न भांडता, न रडता आपलं सगळं आयुष्य सोडायला तयार झाली, कारण साहेबांचा शब्द. आणि तो शब्द खरा आहे की नाही, हे शोधायला माझ्या हातात दिवसकार्यापर्यंतचाच वेळ होता.

३. रेश्माची मान खाली

दुसऱ्या दिवशी मी सुयोगच्या घरी गेले. बोलावल्याशिवाय जायची मला सवय आहे.

सुयोगनं सगळं पुन्हा सांगितलं, अगदी बिनचूक. साहेब चालत आले. खुर्ची आणली नव्हती. ओटीवर पाटावर बसले, पाय लांब करून. चहा प्याले. जमिनीचं बोलले. निघाले.

"कसे निघाले?"

"चालत. मी म्हटलं, गाडी काढतो, पाच मिनिटांत सोडतो. तर नको म्हणाले. तुम्हाला माहितीय ना साहेबांचं."

"काठी टेकत?"

त्यानं रेश्माकडे बघितलं. "हो, मग. काठीशिवाय कसे जातील?"

मी रेश्माकडे वळले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत. मूळची शिवळ्याकडची मुलगी, बोलकी. लग्नात उखाणा घेताना तिनं सगळ्यांना हसवलं होतं. आज मान वर करत नव्हती.

"रेश्मा, साहेब चहा पिताना काय बोलले गो?"

तिनं सुयोगकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मी आत व्हते. मला नाय ऐकू आलं."

"चहा तू केलास ना?"

"हां. चहा मीच केला."

हे ती ठामपणे बोलली. चहा खरा होता. आणि तिथंच माझी गाडी अडली.

कारण मी मनात मांडून ठेवलं होतं की सुयोग धादांत खोटं बोलतोय. माझं गणित असं: निळी खुर्ची उघडी म्हणजे खटला उघडा. दोघांचं ऐकून झालं की साहेब खुर्ची मिटून खिळ्याला लावायचे, हा त्यांचा नेम. खुर्ची उघडी सापडली, म्हणजे ऐकणंच बाकी होतं, निकाल झालेलाच नाही. पण निकाल ठरण्याआधी साहेब कुणाचं पाणीसुद्धा पीत नव्हते. सुयोगकडे तर चहा प्याले, सकुबाईच्या डोळ्यांदेखत. म्हणजे निकाल झाला होता.

चहा सांगत होता, निकाल झालाय. खुर्ची सांगत होती, झाला नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि चहाला साक्षीदार होता.

मी उठले. दारापर्यंत आले, आणि काही सुचत नव्हतं म्हणून सहज म्हणाले, "साहेबांची काठी सापडत नाहीये. कुणालीताईला ती आठवण म्हणून हवीय."

माझ्या मागं काहीतरी खणकन पडलं. वळून बघितलं तर रेश्माचा धक्का लागलेलं ताट जमिनीवर गोल फिरत होतं.

४. काकीनं बांधलेलं बोचकं

वैशाखऱ्याला मी स्कूटरनं गेले. समोर माळशेजचे डोंगर स्वच्छ दिसत होते. कापणी झालेल्या भाताच्या जमिनीत वाल हिरवागार उभा होता, शेंगांनी लगडलेला. काकीचं घर शेताच्या कडेला. ओटीवर एक बोचकं बांधून तयार, आणि शेजारी उपडी घातलेली भांडी.

"कुठं जाणार काकी?"

"माहेरी भाचा हाय. ठेवील." तिनं माझ्यासाठी गोधडी पसरली. "वाल तेवढा काढून नेते. पेरला मी, त्यो मी खाल्ला तर सायेबांच्या शब्दाला बाधा नाय ना येत?"

हिच्या हातावरचे घट्टे हा जमिनीचा खरा कागद होता. आणि ती मला विचारत होती, शेंगा नेऊ का.

"साहेब इथं आले होते ना? काय झालं तेव्हा?"

"गेल्या आठवड्यात आले. ती निळी खुर्ची टाकून बांधावर बसले. सगळा ऐकून घेतला माझा. दगड कुठले काढले, पाट कुठून आणला, सगळा इचारला. मी चहा करून आणला, त त्यांनी हात जोडले. बोलले, कमळबाई, आता नको. मी बोलले, पानी तरी घ्या. त्याला बी नाय." काकी शेताकडे बघत होती. "तवाच मी समजले, आपला काय खरा नाय. ज्याच्या घरचा पानी घेत नाय, त्याला काय देनार?"

"नंतर पुन्हा आले नाहीत?"

"नाय गो. निकाल काय लागला, ते मला तिथं मसनातच समजला. मला सांगितला असता त बरा वाटला असता. सुयोगला घरी जाऊन सांगितला, मला नाय." ती पहिल्यांदाच कडू बोलली. "एवढाच लागला मनाला. जमीन जाऊ दे."

परत येताना हे वाक्य स्कूटरवर माझ्या मागं बसून आलं. सुयोगला घरी जाऊन सांगितलं, काकीला नाही. साहेब असा दुजाभाव करतील? सगळं आयुष्य तराजू धरलेला माणूस जिंकलेल्याच्या घरी जाऊन चहा पिईल, आणि हरलेल्या म्हातारीला कळवणारसुद्धा नाही?

५. धाऊची तक्रार

साहेबांच्या घरी धाऊ वालाला पाणी घालत होता. मालक गेला तरी शेंगा थोड्याच थांबणार. मी ओटीवर बसले, तो पायरीवर. मी त्याला विचारलं, साहेब वाडीवर कधी चहा प्यायला आले होते का.

धाऊनं बराच वेळ विडी चाचपली.

"गेलेल्या मानसाचा वाईट बोलू नये," तो म्हणाला. "पन आमचे घरी नाय आला कदी. आमचे झऱ्याची वाट त्या बंगलेवाल्यानं तार घालून बंद केली व्हती. ठाव हाय ना? सायेबानं निकाल आमचे बाजूनं दिला. वाट आमाला मिळाली. पन आदल्या सांजला मी सोता बघला, सायेब बंगलेवाल्याचे पायरीवर बसून चहा पितो. आमी रातभर बोलत बसलो, गेला, हा बी गेला, मोठ्या मानसाचा झाला. दुसरे दिशी निकाल लागला त आमचा. आमाला समाधान झाला, पन त्यो चहा नाय विसरलो. आमी जिकलो, त आमचेकडं का नाय आला प्यायला?"

मला माझ्या घरचा तो कमी साखरेचा चहा आठवत होता.

त्या संध्याकाळी साहेब काठी टेकत आले, माझ्या ओटीवर जमिनीवर बसले, चहा मागितला आणि म्हणाले, दर्शना, वाट तुझ्या दिराची आहे, उद्या सगळ्यांसमोर सांगणार, पण आधी तुझ्या कानावर घालतो. मला वाटलं, माझ्या वडिलांशी त्यांची मैत्री होती म्हणून मुद्दाम आले. दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात मी असं तोंड केलं, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय. आणि पुढं लोकांना सांगताना काय सांगितलं? साहेब माझ्या घरी चहा प्याले, एवढंच. कशासाठी आले होते, ते सांगायला मला काय वेड लागलंय?

मी तशीच उठले आणि चालत दिराच्या घरी गेले. आमचं बोलणं बरं असतं, फार गोड नसतं.

"भावजी, वाटेचा निकाल लागला तेव्हा साहेब तुमच्याकडे चहा प्यायला आले होते?"

"नाय," तो म्हणाला. "मी तिथंच समाजमंदिरात पेढे दिले त ते पन नाय घेतले. बोलले, तुला वाट मिळाली, पेढे तूच खा. का गो वहिनी?"

मी त्याच्याच दारात हसले. त्याला वाटलं असेल, वहिनीला उशिरानं वेड लागलं. मी कुणालीला फोन केला आणि सांगितलं, दिवसकार्याच्या दिवशी दुपारी समाजमंदिरात शोकसभा ठेवूया, आणि ज्यांची ज्यांची भांडणं साहेबांनी मिटवली त्या सगळ्यांना बोलवूया. दोन्ही बाजूंना.

६. ज्यांच्या घरी साहेब चहा प्याले

समाजमंदिर भरलं. भिंतीला साहेबांचा फोटो, आणि फोटोखाली मी ती निळी खुर्ची उघडून ठेवली होती. वाडीवरचे लोक मागं बसले. बंगलेवालाही आला. काकी बोचकं घेऊनच आली होती, सभेनंतर तशीच एसटीला जाणार म्हणून.

भाषणं झाली. सुयोगही बोलला, आणि बरं बोलला. शेवटी मी उठले.

"मी भाषण करणार नाही," मी म्हणाले. "मला येत नाही, म्हणजे येतं, पण आज करणार नाही. एकच विनंती आहे. साहेब न्यायाच्या कामानंतर ज्यांच्या घरी चहा प्याले, त्यांनी उभं राहावं. साहेबांनी ज्यांना तो मान दिला, त्यांचा फोटो कुणालीताईला हवाय."

सगळ्यात आधी सुयोग उठला. मग बंगलेवाला. मग एकेक करत बरेच जण, किन्हवलीचे, सरळगावचे, टोकावड्याचे. माना ताठ. मी तर उभीच होते.

"आता असंच उभं राहा," मी म्हणाले, "आणि मला सांगा, तुमच्या भांडणाचा निकाल काय लागला होता? मी सुरुवात करते. वाटेचं भांडण. मी हरले."

बंगलेवाल्यानं चष्मा काढला आणि पुसला. "झऱ्याची वाट," तो हळूच म्हणाला. "हरलो."

"विहीर. भावाला गेली."

"बांध. आमी हरलो."

मग आवाज एकामागून एक येत गेले, आणि प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा हळू. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. प्रत्येकाला वाटत होतं, साहेब आपल्या एकट्याच्याच घरी समजूत घालायला आले होते, आणि प्रत्येकानं तो चहा गावभर मिरवून त्यामागची हार पोटात ठेवली होती. मागं धाऊ उभा राहिला. हात जोडून तो फोटोकडे बघत राहिला.

"साहेब जिंकणाऱ्याकडे कधीच गेले नाहीत," मी म्हणाले. "ते हरणाऱ्याकडे जायचे, आदल्या संध्याकाळी. सगळ्यांसमोर एकदम ऐकून त्याची मान खाली जाऊ नये म्हणून. खुर्ची न घेता जायचे, त्याच्या जमिनीवर बसायचे, त्याच्या घरचा चहा मागून प्यायचे. सुयोग, साहेब तुझ्या घरी चहा प्याले. तूच सांगितलंस, सकुबाईनं बघितलं. काकीकडे मात्र नंतर आले नाहीत. आता तूच सांग, तुझा निकाल काय लागला?"

सुयोगचा चेहरा उतरला, पण तो हार मानणारा नव्हता. "हा काय पुरावा झाला? चहावरून निकाल लावणार तुम्ही?"

"नाही," मी म्हणाले. "खुर्चीवरून. निकाल सांगून झाल्यावर साहेब स्वतः ही खुर्ची कधीच उघडणार नाहीत. आणि घरी ते झोपाळ्यावर बसायचे. त्यांना या खुर्चीत बसवलं अशा माणसानं, ज्यानं त्यांना फक्त निवाडा करतानाच बघितलं होतं. त्याला वाटलं, साहेब म्हणजे खुर्ची. साहेब तुझ्या घरून चालत गेले म्हणतोस, काठी टेकत. मग काठी घरी का पोचली नाही?"

सुयोगनं तोंड उघडलं. पण उत्तर दारातून आलं.

"काठी आमच्या माळ्यावर व्हती," रेश्मा म्हणाली.

ती सभेला आली नव्हती. आता दारात उभी होती आणि तिच्या हातात साहेबांची वेताची काठी होती. ती सरळ चालत पुढं आली. सुयोग तिला काहीतरी म्हणाला, तिनं बघितलंच नाही.

"मी आत नव्हते. मी कप घ्यायला तिथंच उभी व्हते," ती म्हणाली. "सायेब बोलले, पोरा, जमीन काकीची आहे. तुझ्या बापानं भावाला शब्द दिला होता, तो तू मोडू नकोस. उद्या सगळ्यांसमोर सांगीन, आज तुला सांगायला आलोय. राग आला असेल तर आत्ता माझ्यावर काढ, काकीवर काढू नको." तिनं काठी दोन्ही हातांनी धरली. "मग अर्धा कप प्याले आनि छातीला हात लावला. यांनी गाडीत घातलं. बोलले, शहापूरला दवाखान्यात नेतो. पन गेले तसे परत आले. काठी आमच्या ओटीवरच राहिली व्हती. मी बोलले, देऊन येते. हे बोलले, माळ्यावर टाक आनि तोंड बंद ठेव."

"ते वाटेतच गेले होते," सुयोग म्हणाला. त्याचा इस्त्रीचा आवाज चुरगळला होता. "खरंच सांगतो. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच. मी मारलं नाय त्यांना, घरी आणून बसवलं फक्त. मला वाटलं... आता निकाल कुणालाच माहीत नाय."

मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी की नंतर, हे मी ठरवू शकत नव्हते आणि ठरवलंही नाही. ते ज्यांचं काम आहे त्यांना मी बाहेर जाऊन फोन केला. पण एवढं मला कळत होतं, की त्या संध्याकाळी एका निकालाची चोरी झाली होती, आणि चोरीला गेलेला माल आता सभेच्या मधोमध परत आला होता.

कुणाली उठली. तिनं रेश्माच्या हातातून काठी घेतली, भिंतीला टेकवली, मग निळी खुर्ची मिटली आणि फोटोखालच्या खिळ्याला अडकवली.

"निकाल लागला," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

७. पाटाशिवाय

सुयोगला घेऊन गाडी गेली. सभा पांगली, पण लोक घरी जाईनात, चौकात घोळके करून उभे. काकीला मी म्हटलं, चल, तुला वैशाखऱ्याला सोडते, घर उघड, चूल पेटव. तिनं बोचकं उचललं आणि उलट्या दिशेनं चालायला लागली.

"काकी, स्कूटर इकडं आहे."

"थांब गो जरा."

ती गावच्या टोकाला गेली, सुयोगच्या दारात. दार उघडंच होतं. रेश्मा आत अंधारात भिंतीला टेकून बसली होती. काकीला बघून ती दचकली आणि उभी राहिली, मार खायला तयार असल्यासारखी.

काकीनं बोचकं खाली ठेवलं. रेश्मानं घाईघाईनं पाट सरकवला, तो काकीनं बाजूला केला आणि ती सरळ टाइल्सवर बसली, पाय लांब करून.

"चहा ठेव गो," ती म्हणाली. "दर्शनाला पन."

रेश्मा तशीच उभी. "काकी, मी... तुमी आमच्या घरी..."

"सायेब असते त आले असते ना," काकी म्हणाली. "अर्धाच कप घेतला त्यांनी. बाकीचा कोन पिनार?"

रेश्मा आत गेली. पातेल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला, आणि मग बराच वेळ तिच्या रडण्याचा. काकी उठली नाही. तिला बहुतेक कळत होतं, की हे रडणं एकटीनंच व्हायला हवं. शेवटी रेश्मा कप घेऊन आली आणि आमच्या समोर जमिनीवर बसली.

मी माझ्या वेळी साखर कमी टाकली होती. तिनं फार टाकली होती. आम्ही तिघींनी तो चहा संपवला.